किती पाउंड? : प्रस्तावना

बॅडमिंटनची रॅकेट गटिंगला, म्हणजे नवी जाळी विणायला, टाकायला गेलं की काउंटरवर दोनच प्रश्न येतात. गट कुठली घालू, आणि किती पाउंड? पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण ‘चांगली घाला’ म्हणून मोकळे होतात. दुसऱ्याचं उत्तर मात्र ठणकावून येतं. सव्वीस, अठ्ठावीस, एखादा तीससुद्धा म्हणतो. हा आकडा आणला कुठून असं खोदून विचारलं, तर क्लबातल्या एखाद्या दादाचं नाव निघतं, नाहीतर मोबाइलवर पाहिलेल्या एखाद्या ऑलिंपिकपटूचं. आपलं मनगट केवढं, आपण पिसांच्या शटलने खेळतो की प्लॅस्टिकच्या, आठवड्यातून किती वेळा कोर्टवर उतरतो, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. हे पुस्तक या दुसऱ्या प्रश्नाच्या मागे लागलं आहे, आणि त्याचा पिच्छा पुरवता पुरवता लेखकाने जाळी विणण्याचं सगळं काम वाचकापुढे मांडलं आहे.

मराठीत खेळाडूंवर भरपूर लिहिलं गेलं आहे, खेळाच्या हत्यारांवर फारच कमी. बॅट कुठल्या लाकडाची असते हे निदान क्रिकेटवेड्यांना ठाऊक असतं. पण रॅकेटच्या जाळीत काय चाललेलं असतं, हे रोज दोन तास खेळणाऱ्यालाही सहसा माहीत नसतं. म्हणून या विषयात नव्याने शिरणाऱ्याला आधी एक हिशेब सांगतो.

आजच्या सर्वसाधारण रॅकेटचं वजन ८० ते ९० ग्रॅम असतं. तिच्या डोक्यात २२ उभ्या तारा बसतात. प्रत्येकीवर २५ पाउंड, म्हणजे सव्वाअकरा किलोंहून थोडा जास्त ताण धरला, तर या बावीस तारा मिळून चौकटीचा माथा गळ्याकडे सुमारे २५० किलोंच्या जोराने ओढत असतात. सिमेंटची पाच पोती म्हणा. आडव्या ताराही संख्येने जवळपास तेवढ्याच, आणि त्या साधारण तेवढ्याच जोराने दोन्ही बाजू आत खेचतात. रॅकेट भिंतीला टेकून निवांत उभी असते तेव्हाही ही ओढाताण चालूच असते. दोन्ही दिशांचा जोर एकमेकांना तोलून धरतो, म्हणून एवढीशी चौकट टिकते. तो तोल कुणीतरी हाताने साधलेला असतो.

तो कसा साधतात, हे एकदा शेजारी उभं राहून बघण्यासारखं आहे. रॅकेट मशीनच्या आधारांमध्ये घट्ट बसवतात. चांगल्या मशीनला असे सहा आधार असतात. हे आधार लागतातच, कारण उभ्या तारा ओढून झाल्या आणि आडवी एकही पडलेली नाही, या टप्प्यावर चौकटीवर एकाच दिशेचा जोर असतो. माथा खाली दबू पाहतो, बाजू बाहेर फुगू पाहतात. कार्बनची चौकट मोडते ती पुष्कळदा इथे, आणि मग ‘रॅकेटच डुप्लिकेट होती’ असं सांगितलं जातं. उभ्या तारांची सुरुवात मध्यापासून होते: एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि एक बाजू दुसरीपेक्षा फार पुढे जाऊ द्यायची नाही. त्या झाल्या की आडवी वीण. एकीच्या वरून, दुसरीच्या खालून, पुढच्या ओळीत नेमकं उलट. सराईत माणसाची बोटं हे न बघता करतात. पण खरी कसोटी ओढण्यात असते. नायलॉनवर नायलॉन घासलं की गरम होतं. आडवी तार घाईने सर्रकन ओढली, तर तिने उभ्या तारांना तिथल्या तिथे चरे पाडलेले असतात. ती गट आठ दिवसांत तुटते आणि दोष कंपनीला जातो. शिवाय प्रत्येक आडवी तार ताणताना बोटांनी सरळ करावी लागते, नाहीतर ती कमानीसारखी राहते आणि ताण सगळीकडे सारखा पोचत नाही. शेवटी गाठ. गाठ आवळली जाईपर्यंत तार थोडी मागे सरकतेच, म्हणून पुष्कळ जण शेवटची तार दोन पाउंड वर ओढतात.

या सगळ्या कामात ‘पाउंड’ हा मशीनवर लावलेला आकडा आहे. रॅकेटमध्ये प्रत्यक्षात उरलेला ताण ही वेगळी गोष्ट. माझ्या मते या पुस्तकाचं मर्म इथे आहे. मागितलेला आकडा आणि मिळालेला ताण यांच्यामध्ये मशीनचा प्रकार असतो, तार धरून ठेवणाऱ्या चिमट्यांची पकड असते, गाठ असते, गटीची जात असते आणि सगळ्यात मोठा वाटा हाताचा असतो. एकाच दिवशी दोन दुकानांत दोन सारख्या रॅकेट ‘चोवीसवर’ गटिंग करून आणा. हातात घेतल्यावर त्या सारख्या लागतीलच असं नाही.

आता थोडा मागचा इतिहास. बॅडमिंटनच्या आधीचा बॅटलडोरचा खेळ खेळताना लाकडी कड्यावर ताणून बसवलेलं चामडंही वापरत. त्या खेळाचंच पुढचं रूप इंग्रज अंमलदारांनी हिंदुस्थानात मध्ये नेट बांधून खेळायला घेतलं, आणि १८७० च्या दशकात पुण्यात त्याचे नियम लिहिले गेले. पूना हे या खेळाचं काही काळ नावही होतं. १८९३ मध्ये इंग्लंडात संघटना उभी राहिली, १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. त्या काळातली गट म्हणजे खरोखरीची आतडी. मेंढीच्या, पुढे गाईच्या आतड्याचा पापुद्रा स्वच्छ करून, पीळ देऊन, वाळवून केलेली. फ्रान्समधल्या लिऑन शहरात बाबोला घराण्याने १८७५ मध्ये टेनिससाठी अशी गट करायला घेतली, आणि तो कारखाना आजही त्या धंद्यात आहे. आतड्याच्या गटीसारखा जिवंत उसळता स्पर्श अजूनही कशाला नाही, असं जुने लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण ती ओल खाते. मुंबईच्या जुलैत किंवा कोकणातल्या हवेत ती गट फुगून, उलगडून, तुटून जाणार हे ठरलेलं. लाकडी चौकटीचंही तेच. म्हणून जुन्या घरांच्या माळ्यावर अजून लाकडी प्रेस सापडतात: चार कोपऱ्यांना चार स्क्रू, आणि मध्ये चिरडून धरलेली रॅकेट, वाकू नये म्हणून.

सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकले. परदेशात अशी स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. तो जमाना लाकडी चौकटीचा. लाकूड साधारण वीस पाउंडांच्या आतच ताण सोसायचं, आणि त्या तेवढ्या ताणावर नाटेकरांचा नाजूक, फसवा खेळ उभा होता. पुढे पोलादी दांडी आली, धातूची चौकट आली, अॅल्युमिनियम आलं, आणि १९८० च्या दशकात कार्बनने सगळ्यांना बाजूला सारलं. चौकट जसजशी कडक झाली, तसतसा ताण चढत गेला. ऐंशीच्या दशकातला चांगला खेळाडू ज्या ताणावर खेळायचा, त्यावर आज क्लबातला नवशिका नाक मुरडतो. आंतरराष्ट्रीय पुरुष खेळाडू हल्ली अठ्ठावीस ते बत्तीस-तेहतीस पाउंडांपर्यंत जातात. म्हणजे ताणाचा चढता आलेख हा आधी चौकटीच्या द्रव्याचा इतिहास आहे. माणसाचा खांदा दरम्यानच्या काळात बदललेला नाही.

गटीच्या बाजूने बघितलं तर मोठी उडी नायलॉनची. दुसऱ्या महायुद्धानंतर ते रॅकेटमध्ये आलं आणि पावसाळ्याची भीती बरीच कमी झाली. इथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. या धंद्यातली काही मोठी नावं मासेमारीतून आलेली आहेत. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडची अॅशवे ही १८२४ पासून मासे धरण्याची दोरी करणारी पेढी. जपानची गोसेनही गळाची दोरी करते. आणि योनेक्सचे संस्थापक मिनोरू योनेयामा जाळ्यांना लावायचे लाकडी तरंगे करत. प्लॅस्टिकचे तरंगे आले, धंदा बसला, आणि १९५७ मध्ये ते बॅडमिंटनच्या रॅकेटकडे वळले. पातळ, न तुटणारी, ओली झाली तरी ताण न सोडणारी दोरी कशी करावी, हा प्रश्न खेळाच्या आधी कोळ्यांचा होता.

आजची गट म्हणजे एकसंध तार नव्हे. शेकडो बारीक तंतूंचा गाभा आणि त्यावर विणलेलं कवच अशी तिची रचना. जाडी ०.६१ ते ०.७० मिलिमीटर. आपल्याकडच्या दुकानांत भरपूर खपणारी योनेक्सची बीजी ६५ ही ०.७० ची, टिकाऊ, थोडी मठ्ठ, पण इमानदार. बीजी ६६ अल्टिमॅक्स ०.६५ ची, उसळी देते आणि लवकर जाते. एरोबाइटमध्ये उभी तार ०.६७ ची आणि आडवी ०.६१ ची, म्हणजे दोन स्वभावांचं लग्न लावलेलं. गटीची निवड या विषयावर लेखकाने बरीच पानं खर्च केली आहेत. मला ती जरा जास्त वाटली. आठवड्यातून तीनदा खेळणाऱ्या माणसाला जाडीचा फरक कळतो. जाहिरातीतल्या बाकीच्या विशेषणांचा कळत नाही.

मशीनचा इतिहास मला अधिक रंजक वाटतो. मशीनच्या आधी आर, म्हणजे टोकदार टोचणी, होती. तार हाताने, लाकडाच्या मुठीला गुंडाळून ओढायची, आणि ती मागे सरकू नये म्हणून भोकात आर ठोकून धरायची. किती ताण पडला हे कानाने आणि तळहाताने ठरायचं. असं काम करणारे कारागीर आता फारसे उरले नाहीत. त्यांचं काम दिसायला जुनाट होतं, पण त्यांच्या कानाला एक शिस्त होती, आणि बटण दाबून काम करणाऱ्या पिढीने ती शिकायला हरकत नाही.

मशीनमध्ये मोठा फरक दोन पद्धतींचा. एक, हँडलवाली. हँडल फिरवलं की स्प्रिंग ठरलेल्या जोराला पोचते आणि खटकन कुलूप पडतं. पण कुलूप पडल्या क्षणापासून तार सैल व्हायला लागते आणि मशीन तिच्यामागे जात नाही. दुसरी, सतत ओढणारी. तार जेवढी सैल होईल तेवढं मशीन ओढत राहतं. विजेची डिजिटल मशीनं या जातीची, आणि वजनाच्या दांडीवर चालणारी साधी मशीनंही याच जातीची. त्यामुळे हँडलच्या मशीनवरचे चोवीस आणि डिजिटलवरचे चोवीस यांत फरक पडतो. हँडलवर ताण खाली राहतो. मशीन बदललं की गिऱ्हाईक ‘या वेळी फार टाइट झालं’ म्हणून भांडायला येतं ते यामुळे.

वजनाच्या मशीनला आपल्याकडे उगाच हलकं लेखतात. त्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. काम गुरुत्वाकर्षण करतं आणि वीज गेली तरी ते थांबत नाही. दांडी आडवी असली पाहिजे, एवढीच अट. ती दहा अंशांनी कललेली राहिली तरी ताणात फरक पडतो तो दीड टक्क्याचा. म्हणजे पंचवीस पाउंडांत अर्धा पाउंडही नाही. उलट, वर्षानुवर्षं न तपासलेली हँडलची स्प्रिंग यापेक्षा कितीतरी जास्त थाप मारते. तालुक्याच्या गावी कुणाला हे काम सुरू करायचं असेल, तर मी वजनाचं मशीन घ्या म्हणेन. एका रॅकेटला वेळ जास्त लागतो, हा त्याचा खरा तोटा.

पद्धतींमध्येही मतभेद आहेत आणि ते चवीने मांडलेले या पुस्तकात सापडतील. योनेक्सच्या जपानी शिस्तीत उभ्या आणि आडव्या तारांसाठी गटीचे दोन तुकडे घेतात, आडव्या तारा गळ्याकडून माथ्याकडे नेतात आणि त्यांच्यावर ताण दोनेक पाउंड जास्त ठेवतात, म्हणजे डोकं मूळच्या आकारात परत येतं. टेनिसमधून आलेल्या हातांना माथ्याकडून खाली येण्याची सवय असते. आपल्याकडच्या दुकानात एकाच तुकड्यात काम उरकण्याची पद्धतही आहे. त्यात दोन गाठी वाचतात. एक तुकडा म्हणजे कामचुकारपणा, असं मी मानत नाही. फक्त डोकं लांबट झालं का आखूड, हे शेवटी मोजून बघावं. रॅकेट मशीनवरून उतरल्यावर तिची लांबी मोजणारा माणूस दिसला की त्याच्याकडे डोळे मिटून रॅकेट द्यावी.

या हातच्या परंपरांच्या जोडीला मोजणाऱ्यांचा एक पंथ आहे. अमेरिकेत १९७५ मध्ये गटिंग करणाऱ्यांची संघटना उभी राहिली. हॉवर्ड ब्रॉडी या भौतिकशास्त्रज्ञाने १९७९ पासून टेनिसच्या रॅकेटवर शोधनिबंध लिहिले, आणि २००२ मध्ये ब्रॉडी, रॉड क्रॉस आणि क्रॉफर्ड लिंडसे यांचा टेनिसच्या भौतिकीवरचा जाडजूड ग्रंथ आला. टेनिसचे निष्कर्ष बॅडमिंटनला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पाच ग्रॅमचं बूच-पिसांचं शटल आणि रबरी चेंडू यांची जात वेगळी. पण एक मूळ गोष्ट दोन्हीकडे खरी आहे. सैल जाळी जास्त दबते आणि दबलेली जाळी जवळपास सगळी शक्ती परत देते. म्हणजे ताण वाढवला की जोर वाढतो, हा क्लबाक्लबांतून पसरलेला समज उलटा आहे. ताण वाढला की जाळी कमी दबते, शटल लवकर सुटतं, दिशा नेमकी मिळते. पण जोर खेळाडूला स्वतःच्या हातातून घालावा लागतो आणि शटल जाळीच्या मधोमध बसावं लागतं. ज्याचा फटका मधोमध बसतो त्याने ताण वाढवावा. ज्याचा बसत नाही, त्याने वाढवला तर कोपर आणि खांदा तक्रार करायला लागतात.

मग हा समज आला कुठून? बराचसा आवाजातून. ताणलेल्या जाळीचा तो कडक ‘टण्ण’ आवाज कानाला जोरकस वाटतो. पण आवाजाचा स्वर ताणाइतकाच जाडीवरही ठरतो. सारख्याच ताणावर ०.७० ऐवजी ०.६१ ची तार घातली, तर सूत्राप्रमाणे तिचा स्वर सुमारे पंधरा टक्क्यांनी वर जातो. षड्ज धरला होता तिथे शुद्ध रिषभाच्याही थोडं वर. ताण एक पाउंडही वाढलेला नसतो आणि खेळणारा म्हणतो, काय टाइट झालीय!

गट तुटली की ती कुठे तुटली हेही बघावं. मध्यभागी, घासून चपटी झालेल्या जागी तुटली असेल तर तिचं आयुष्य संपलं होतं. माथ्याजवळ, चौकटीला लागून तटकन तुटली असेल तर फटका चुकीच्या जागी बसला होता. त्यात गटीचा दोष नसतो. आणि एक तार तुटली की बाकीच्या तारा तेव्हाच, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला कापून टाकाव्यात. मघाशी सांगितलेला तोल एका बाजूने सुटलेला असतो, आणि अशीच आठवडाभर बॅगेत पडलेली चौकट वेडीवाकडी होते. ही साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे किती रॅकेट वाया जातात, हे दुकानदाराला विचारावं.

हे पुस्तक आत्ताच का हवं होतं? सायना नेहवालचं २०१२ चं कांस्य, सिंधूचं २०१६ चं रौप्य, २०२२ मधला थॉमस चषक, आणि मुंबईचा चिराग शेट्टी व सात्त्विकसाईराज यांची जोडी. या दहा-बारा वर्षांत बॅडमिंटन आपल्याकडे जिमखान्यातून बाहेर पडलं. पुण्या-ठाण्यात पत्र्याच्या शेडमध्ये कोर्टं झाली, जिल्ह्याच्या गावी अकादम्या निघाल्या, कार्बनची रॅकेट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मशीनंही स्वस्त झाली. पूर्वी बाहेरगावचे खेळाडू रॅकेट घेऊन मुंबईच्या धोबी तलावावर यायचे. आता तालुक्यालाही कुणीतरी गटिंग करून देतो. मशीन पोचलं, शिक्षण मात्र तेवढ्या वेगाने पोचलेलं नाही. सात्त्विकने एप्रिल २०२३ मध्ये जपानमधल्या योनेक्सच्या कारखान्यात ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारून गिनेस विक्रम केला, आणि त्यानंतर दहा वर्षांची पोरंही दुकानात येऊन तिशीचा आकडा सांगू लागली असतील तर नवल नाही. त्या पोरांना अठरा ते वीस पुरे आहेत, मोठ्या हौशी खेळाडूंना बावीस ते चोवीस. हे सांगायची जबाबदारी प्रशिक्षकाची आहे आणि मशीनवर बसलेल्या माणसाचीही.

लेखक स्वतः गटिंग करतात. त्यामुळे पुस्तकाला मशीनशेजारी बसून लिहिल्याचा गुण आहे आणि थोडा दोषही आहे. काही ठिकाणी ते वाचकाच्या हातात चिमटा आहे असं गृहीत धरून चालतात. नवख्याने तिथे अडू नये, पुढे जावं आणि रॅकेट समोर ठेवून परत यावं. कुठलीही एक पद्धत खरी ठरवण्याचा आग्रह त्यांनी धरलेला नाही, हे मला आवडलं. प्रत्येक पद्धत कशासाठी निघाली आणि तिची किंमत काय, एवढं ते सांगतात आणि निवड वाचकावर सोडतात. कंपन्यांची तुलना त्यांनी जपून केली आहे. दुरुस्तीचा, म्हणजे चौकटीच्या भोकांतले झिजलेले ग्रोमेट बदलण्याचा भाग तर प्रत्येक खेळाडूने वाचावा. किरकोळ खर्चाच्या कामाला आळस केला की महागडी गट चौकटीच्या कडेवर कापली जाते.

खेळाडूंना माझं एवढंच सांगणं आहे, की पुढच्या खेपेला नेहमीच्या आकड्यातून दोन पाउंड कमी करून महिनाभर खेळून बघा, आणि गटिंगची तारीख चिकटपट्टीवर लिहून मुठीला लावा. नवी गटसुद्धा पहिल्याच दिवसात दहा टक्क्यांच्या आसपास ताण सोडते आणि पुढेही सैल होत राहते. न तुटलेली गटही कधीतरी बदलावी लागते, हे त्या तारखेमुळे लक्षात राहील. दुसरी विनंती जिल्हा संघटनांना. तुम्ही स्पर्धा भरवता, पंचांच्या परीक्षा घेता. वर्षातून एक दिवस आपल्या भागातल्या गटिंग करणाऱ्यांनाही एकत्र बोलवा, एक चांगला ताणकाटा विकत घ्या आणि सगळ्यांची मशीनं त्यावर तपासून द्या.